विल्टशायर सहल, रविवार: आधी कॅथेड्रल की आधी स्टोनहेंज?

सहल समितीकडून, सर्वांना

पत्रकातला क्रम बदलावा लागतोय. सकाळी दहाला सॉल्झबरी कॅथेड्रल लिहिलंय, पण रविवारी सकाळी तिथे प्रार्थना असतात. बघायला जाणाऱ्यांना दुपारी बारानंतरच सोडतात. तिथून निघून स्टोनहेंज गाठायचं तर पंचाईत: नोव्हेंबरात ते पाचला बंद, आणि शेवटचा प्रवेश त्याच्या दोन तास आधी, म्हणजे तीनला. सव्वाचारला तर सूर्यच मावळतो. म्हणून साडेनऊचा स्लॉट स्टोनहेंजला, कॅथेड्रल दुपारी. तिकिटं त्याच वेळेची काढायची आहेत, आक्षेप असेल तर उद्यापर्यंत कळवा.

स्टोनहेंजच्या स्वागत केंद्रापासून ते प्राचीन उभे दगड अडीच किलोमीटरवर आहेत. शटल बस आहे, पण रांगेसकट जाण्यायेण्यात पाऊण तास धरा.

— मेधा

उत्तर: नानाकाकांकडून

मेधाताई, क्रम पटला, पण ओल्ड सॅरम कुठे गेलं? ते वगळू नका. सॉल्झबरीचं मूळ गाव आणि पहिलं कॅथेड्रल तिथेच होतं. पायाची आखणी गवतात अजून दिसते, आणि तो बाहेरचा भाग फुकट आहे. तिकीट फक्त आतल्या किल्ल्याला. पुढे वस्ती उठली तरी १८३२ पर्यंत तिथून संसदेत दोन खासदार जात. ही जागा पुढे मद्रासचा गव्हर्नर झालेल्या थॉमस पिटने विकत घेतली होती, तोच गोवळकोंड्याचा प्रसिद्ध हिरा घेणारा पिट. आपल्या मंडळींना हे दाखवायलाच हवं.

उत्तर: मेधाकडून

काका, वेळेचा हिशेब असा. स्टोनहेंजहून ए३६० रस्त्याने सरळ खाली आलो तर ए३०३ चा फक्त लाँगबॅरो चौक ओलांडावा लागतो. ओल्ड सॅरम मात्र ए३४५ वर आहे, म्हणजे ए३०३ वरून एम्सबरीकडे फिरून यायचं. वुडफर्डच्या दरीतला मधला रस्ता कोचला अरुंद पडतो, चालकाला तो सुचवू नका. ओल्ड सॅरमच्या कॅथेड्रलचे दगड तसेही खाली सॉल्झबरीत बघायला मिळतील: १३३१ मध्ये राजाच्या परवानगीने ते आणून क्लोजची, म्हणजे कॅथेड्रलभोवतीच्या आवाराची, भिंत बांधली. भिंतीच्या जवळ उभं राहिलं की साध्या दगडांमध्येच एखादा नक्षी कोरलेला तुकडा आडवातिडवा बसवलेला दिसतो.

उत्तर: प्रकाशकडून

भिंतीचं ठीक, पण कार्डांचा घोळ आधी सोडवा. स्टोनहेंज इंग्लिश हेरिटेज या संस्थेकडे आहे. नॅशनल ट्रस्ट या दुसऱ्या वारसा-संस्थेचं सभासद कार्ड चालतं, पण इंग्लंडचं. स्कॉटलंडच्या ट्रस्टचं नाही. ग्लासगोच्या पाहुण्यांची तिकिटं वेगळी काढा. कॅथेड्रलला यातलं कुठलंच कार्ड चालत नाही. कार्डवाल्यांनीही वेळ बुक करायची, नुसतं कार्ड घेऊन येऊ नका.

उत्तर: शैलाताईंकडून

कॅथेड्रलच्या टॉवरवर चढणाऱ्यांच्या यादीत परस्पर नावं घालू नका, ती माझ्याकडेच द्या. ३३२ पायऱ्या, वर चक्री जिना अरुंद, लिफ्ट नाही. गुडघे दुखत असतील तर खालीच थांबा, खाली बघण्यासारखं कमी नाही. कळसाची उंची १२३ मीटर, आणि पाया जेमतेम सव्वा मीटर खोल, खडीच्या थरावर. कळस मागाहून चढवला, त्या साडेसहा हजार टनांनी मधले खांब वाकले. आत त्या खांबांमधल्या चौकात उभं राहून खांबाच्या कडेने नजर वर न्या, वाक साध्या डोळ्यांना दिसतो. १३८६ चं घड्याळही बघा: तबकडी नाही, नुसते टोले. मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणारी सनद, तिची १२१५ ची प्रत कॅथेड्रलच्या चॅप्टर हाउस या सभागृहात आहे.

उत्तर: नानाकाकांकडून

शैलाताई, दगडी काम बघायचंच तर स्टोनहेंजचे सांधेही दाखवा. सगळ्यात उंच उभ्या दगडाच्या डोक्यावर कुसू, म्हणजे वर आलेला खुंटा, कोरलेलं आहे. वरचा आडवा दगड पडून गेला, म्हणून ते आता उघडं दिसतं. आडव्या दगडाच्या खाचेत ते बसायचं: सुताराचा लाकडातला सांधा, दगडात. दोरीच्या कुंपणाबाहेरून दिसतं, पण दुर्बीण आणा. ओल्ड सॅरमचं नंतर बघू, पण यादीतून काढू नका.

उत्तर: प्रकाशकडून

दुर्बीण माझ्याकडून एक. जेवणाचे डबे कोचमध्येच उघडा, क्लोजच्या वेशींतून कोच आत जात नाही. गावातून चालत यावं लागेल, पिशव्या हलक्या ठेवा.