अनुभव धागा: कुलूप, कडी, लॅच आणि बंद घर

दिवाळीत गावी जायचे दिवस आले. घरफोडीची कुठलीही बातमी काढा, 'कडीकोयंडा उचकटून' हे ठरलेलं. तरी दुकानात आपण विचारणार काय, तर लिव्हर सहा की आठ! तुम्ही दाराला काय बदललंत, काय कामी आलं, पैसे कुठे वाया गेले, ते लिहा.

पेठकर : बिल्डरने दिलेला कोयंडा अर्ध्या इंची स्क्रूंवर होता. सुतारमामांनी पटाशी घालून नुसतं दाबलं, तर पट्टी हातात! मग आरपार बोल्ट मारले, नट-वायसर आतल्या बाजूला. कडी घातल्यावर बोल्टची डोकी तिच्याखाली झाकली जातात. ही डोकी उघडी राहिली तर चोर कुलपाला हातही लावत नाही, सरळ बोल्टच काढतो. खर्च चांगल्या कुलपाहून कमी. चौकट वाळवीने पोखरलेली असेल तर मात्र आधी ती बदला, बाकी सगळं नंतर.

माजघर : आमच्या मालवणच्या घराला आतून अडसर आहे, भिंतीतल्या खोबणीतून ओढायचा. माणूस घरात असेल तर त्याच्याइतकं भक्कम काही नाही. पण घर बंद असताना काय? खाऱ्या वाऱ्याने लोखंडी कुलपं जाम होतात. आता पितळी आणलंय. आत खोबरेल सोडू नका, धूळ बसून चिकटा धरतो. पेन्सिलीच्या शिशाची पूड किल्लीला लावून फिरवा. (काकांना अजून पटलेलं नाही. दर गणपतीत वाद.)

ठाण्याची सून : वाऱ्याने लॅच लागला. सासूबाई आत अंथरुणावर, गॅसवर दूध! दुसरी किल्ली समोरच्या काकूंकडे असते म्हणून निभावलं. आणि दार नुसतं ओढून जाऊ नका, साधा लॅच पातळ पट्टीनेही सरकतो. किल्ली फिरवाच.

बावधन : डिजिटल लॉक घेतलं. सेल संपत आले की टिवटिवतं. पार संपलेच तर आमच्या मॉडेलला बाहेरून 9 व्होल्टची बॅटरी टेकवून उघडता येतं. बाबांच्या बोटांचे ठसे झिजलेत, ते काही केल्या घेत नाही. त्यांच्यासाठी आकडेच.

नेवासेकर : आमच्याकडे शिंगणापुरात 2011 साली युको बँकेने शाखा काढली तीसुद्धा बिनकुलपाची. पण मी राहतो पुण्यात, तेव्हा पेठकरांचे बोल्ट मारून घेतो.

तिसरा मजला : आमच्याकडे चोरांनी आधी शेजारच्या दारांना बाहेरून कड्या घातल्या, मग बंद फ्लॅट फोडला. आवाज ऐकू येतोय आणि बाहेर पडता येत नाही! वॉचमनला फोन लावला तेव्हा ते पळाले. आता मजल्यावर राहत्या घरांच्या बाहेरच्या कड्या सगळ्यांनी काढून टाकल्यात. लॅच पुरतो.

धागाकर्ती : हे सुचलंच नव्हतं. रविवारी सुतार येतोय, कडी काढून घेते. आमच्या सेफ्टी डोअरच्या बिजागऱ्या बाहेरच्या अंगाला आहेत. त्यांच्या पिना ठोकून काढता येऊ नयेत म्हणून कुणी काही केलंय का?