शब्दचर्चा: ‘ट्रेसर’, ‘कोल्ड किट’ आणि ‘हाफ लाइफ’

विचारणा (फोंडा)
हाडांच्या स्कॅनसाठी येणाऱ्या रुग्णांना आधी वाचायला देण्याचे एक माहितीपत्रक मी मराठीत करीत आहे. वाचणाऱ्यांत पेडणे, सत्तरी, काणकोण या भागांतील, घरी कोंकणी बोलणारे पण वर्तमानपत्र मराठी घेणारे असे बरेच जण असतील. ‘ट्रेसर’साठी, म्हणजे स्कॅनआधी शिरेतून देतात त्या किरणोत्सारी औषधासाठी, मला ‘अनुरेखक’ हा शब्द सुचवण्यात आला आहे. तो चालेल का? मूळ मजकुरात ‘सहज तयार होणारे ट्रेसर’, ‘कोल्ड किट’ आणि ‘हाफ लाइफ’ हेही आहे.

उत्तर (म्हापसा)
‘अनुरेखक’ नको. सरकारी नोकरभरतीच्या जाहिराती वाचणाऱ्याला अनुरेखक म्हणजे नकाशे गिरवणारा कर्मचारी ठाऊक असतो. शिवाय हे द्रव्य काहीच रेखत नाही. शिरेतून दिल्यावर ते रक्ताबरोबर फिरते, जिथे हाड नव्याने घडत असते तिथे अधिक प्रमाणात जाऊन बसते आणि तिथून गॅमा किरण बाहेर टाकते. चित्र उमटवण्याचे काम बाहेरचा कॅमेरा करतो. हे काम सांगणारा शब्द आपल्याकडे आहे, तो म्हणजे ‘माग’. ‘मागद्रव्य’ म्हटले की माग काढणे, मागावर असणे, मागमूस हे सगळे नातलग शब्द वाचकाच्या मनात आपसूक जागे होतात. ‘मागदर्शक’ मात्र करू नये, कारण मुद्रितशोधक त्यावर रफार चढवून त्याचा ‘मार्गदर्शक’ करणार हे ठरलेले. रुग्णाच्या कानावर ‘ट्रेसर’ हाच शब्द पडणार असल्याने पहिल्या उल्लेखात दोन्ही शब्द शेजारी शेजारी द्यावेत.

उत्तर (मडगाव)
असे स्कॅन करणाऱ्या रुग्णालयाच्या विभागात मी काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. ‘कोल्ड किट’ म्हणजे ज्या कुपीत किरणोत्सारी द्राव घालून ट्रेसर तयार करतात ती कुपी; तिचे ‘शीतसंच’ करण्याचा मोह टाळावा. इथल्या ‘कोल्ड’चा अर्थ गार असा नसून किरणोत्सार नसलेला असा आहे, आणि गोंधळ वाढवणारी गोष्ट अशी की यांतील कित्येक कुप्या खरोखरच फ्रिजमध्ये ठेवाव्या लागतात. ‘किरणोत्साररहित संच’ हे लांबलचक झाले तरी बिनचूक आहे.

हाडांच्या स्कॅनच्या कुपीत एमडीपी नावाच्या, हाडात जाऊन बसणाऱ्या फॉस्फोनेट संयुगाची आणि कथिलाच्या क्षाराची, म्हणजे स्टॅनस क्लोराइडची, गोठवून सुकवलेली पूड असते. विभागातल्या जनरेटरमध्ये मॉलिब्डेनम-99 पासून टेक्नेशियम-99एम हे किरणोत्सारी मूलद्रव्य सतत तयार होत असते, आणि सलाइन सोडून ते धुऊन काढतात; या कामाला तंत्रज्ञ गमतीने दूध काढणे म्हणतात. (पत्रकात ‘जनरेटर’ हा शब्द आलाच, तर तो वीज गेल्यावर लावायचा जनरेटर नव्हे, हे लिहावे. पावसाळ्यात गोव्यात या शब्दाचा दुसरा अर्थ कुणाला सुचणारच नाही.) हा द्राव कुपीत घातला, हलवली, काही मिनिटे ठेवली की मागद्रव्य तयार. टेक्नेशियम ज्या रूपात बाहेर येते त्या रूपात ते एमडीपीला धरून राहत नाही. कथिल त्याचे क्षपण करते, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन त्याचे रूप बदलते, आणि मग जोडी जमते. कुपीत हवा शिरली तर कथिल वाया जाते, सुटे राहिलेले टेक्नेशियम गळ्यातील थायरॉइडमध्ये आणि जठरात जमते, आणि चित्र पाहताच जाणकाराला कळते की तयारीत काही बिघडले.

म्हणजे ‘सहज तयार होणारे’ हे विशेषण विभागाच्या सोयीचे आहे. रुग्णाच्या पत्रकात त्याचे काम नाही. संशोधकाची कसोटी मात्र नेमकी तिथेच लागते, कारण रेणू असा हवा की एकाच कुपीत, तापवल्यावाचून आणि नंतर शुद्धीकरण केल्यावाचून, त्याला किरणोत्सारी अणू जोडता यावा. उदाहरणार्थ, गॅलियम-68 या दुसऱ्या किरणोत्सारी अणूचे अर्धायुष्य (हाफ लाइफ, म्हणजे किरणोत्सार निम्मा होण्यास लागणारा वेळ) अवघे 68 मिनिटे असते, त्यामुळे तयारीत वेळ दवडून चालत नाही. त्याच्यासाठी प्रोस्टेट कर्करोगाच्या तपासणीचे असे संच अलीकडच्या वर्षांत निघाले आहेत.

विचारणा (फोंडा)
‘मागद्रव्य’ घेते, आणि ‘सहज तयार होणारे’ गाळते. टेक्नेशियमविषयीचे ‘अर्धायुष्य सहा तास’ हे मात्र माझ्या आत्याने वाचले आणि औषध घेतल्यावर आयुष्य अर्धे होते की काय, असे विचारले.

उत्तर (म्हापसा)
आत्याबाईंचे बरोबर आहे. पाठ्यपुस्तकात ‘अर्धायुष्य’ शोभते, कारण तिथे ते कुणाचे याविषयी शंका नसते. पत्रकातला वाचक आधी स्वतःचाच विचार करणार. संज्ञा सोडून वाक्य लिहावे: ‘या औषधाचा किरणोत्सार दर सहा तासांनी निम्मा होतो, म्हणजे चोवीस तासांनी सोळावा हिस्सा उरतो, शिवाय बरेचसे औषध त्याआधीच लघवीवाटे बाहेर पडते, म्हणून भरपूर पाणी प्यावे.’

उत्तर (मडगाव)
वाक्य योग्य आहे. त्याला एवढेच जोडावे की इंजेक्शन आणि चित्र यांच्यामध्ये दोन ते चार तास थांबावे लागते. काणकोणहून येणाऱ्याला परतीच्या बसची वेळ त्यावरूनच ठरवावी लागेल.