फॉर्म्युला वनचा टायर टिकावा की झिजावा?

तिलारीकाठ (दोडामार्ग)

आमच्या तालुक्यात काजूच्या शेजारी आता रबराच्या बागाही उभ्या आहेत, त्यामुळे टायर या वस्तूकडे मी थोड्या आपलेपणाने पाहतो. म्हणूनच हा विषय मांडतो आहे. २०१० साली कॅनडाच्या शर्यतीत ब्रिजस्टोनचे टायर अपेक्षेपेक्षा फार लवकर खराब झाले, गाड्यांना टायर बदलायला पुन्हा पुन्हा पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत) यावे लागले आणि प्रेक्षक खूश झाले. २०११ पासून एकमेव पुरवठादार म्हणून आलेल्या पिरेलीला तशीच रंगत नेहमी आणणारे टायर बनवायला सांगण्यात आले.

माझा आक्षेप झिजण्याला नाही, त्या झिजण्याच्या प्रकाराला आहे. रस्त्याला घासून रबर कमी होणे वेगळे आणि रबर तापून बिघडणे वेगळे. शर्यतीचा टायर तापमानाच्या एका ठरावीक पट्ट्यात असतानाच पूर्ण पकड देतो. त्या पट्ट्याच्या फार वर गेला, तर तो पुन्हा थंड झाला तरी गेलेली पकड सगळी परत येत नाही. परिणामी जगातले सर्वोत्तम चालक गाडीच्या क्षमतेपेक्षा हळू, टायरला जपत चालवतात. २०१३ साली स्पेनमध्ये अलोन्सो चार वेळा टायर बदलून जिंकला. त्याच वर्षी आपल्याकडे बुद्ध सर्किटवर वेटेल मऊ टायर उतरवून टाकण्यासाठी दुसऱ्याच फेरीनंतर पिटमध्ये आला, शर्यत जिंकला आणि चौथे जगज्जेतेपदही घेऊन गेला. कोरड्या शर्यतीत दोन प्रकारचे टायर वापरलेच पाहिजेत असा नियम असल्यामुळे, केवळ कागदोपत्री पूर्तता म्हणून वापरलेल्या त्या टायरला तंत्रज्ञान म्हणायचे का? दोन कंपन्यांना पुन्हा समोरासमोर उतरवावे आणि ज्याचा टायर टिकेल तो जिंकेल, असे माझे मत आहे.

रिमोल्ड (चिपळूण)

आपला मुद्दा वाचला आणि पटला नाही. ब्रिजस्टोन आणि मिशेलिन यांची स्पर्धा २००५ साली होतीच, शिवाय त्या मोसमात शर्यतीदरम्यान टायर बदलण्यासही मनाई होती. म्हणजे आपण मागता ते दोन्ही त्या वर्षी मिळाले होते. जर्मनीतल्या नुरबर्गरिंग ट्रॅकवर चालक राइक्कोनेनच्या पुढच्या टायरला ब्रेक लावताना चपटा भाग पडला. टायर बदलता येईना, हादरे वाढत गेले आणि शेवटच्या फेरीत आघाडीवर असताना गाडीचे सस्पेन्शनच तुटले. त्यानंतर महिन्याच्या आत अमेरिकेतले इंडियानापोलिस. तिथल्या उतरत्या कडेच्या वेगवान वळणावर मिशेलिनचे टायर सुरक्षित नाहीत हे सरावातच कळले, आणि सुरुवातीची फेरी मारून १४ गाड्या पिटमध्ये परतल्या. शर्यत धावल्या त्या सहाच. आपल्या नारायण कार्तिकेयनचा चौथा क्रमांक त्याच शर्यतीतला, त्यामुळे आनंद किती मानायचा हा प्रश्नच आहे.

माझा ट्रकचे टायर रिमोल्ड करण्याचा धंदा आहे. गिऱ्हाईक आधी विचारते, किती किलोमीटर जाईल? कडक रबर लावले तर जास्त जाते. पण जुलैत परशुराम घाटात भरलेला ट्रक उतरवणाऱ्याला विचारा, त्याला पकड हवी असते. दोन्ही एकाच रबरात पुरेपूर मिळत नाहीत. पांढरा (कडक), पिवळा (मध्यम) आणि लाल (मऊ) या टायरच्या तीन रंगांतून संघाला जे निवडावे लागते ते हेच, आणि ती निवड मला शर्यतीइतकीच रंजक वाटते. २०१२ साली पहिल्या सात शर्यतींना सात वेगळे विजेते मिळाले, ते टिकाऊ टायरमुळे नव्हे.

तिलारीकाठ (दोडामार्ग)

इंडियानापोलिसचा दाखला मान्य आहे. पण टायर फुटायला दोन कंपन्या लागत नाहीत. २०१३ साली इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला एकट्या पिरेलीचे टायर एकामागून एक फुटले, हॅमिल्टन तर आघाडीवर असताना. त्यानंतर टायरच्या आतल्या पोलादी पट्ट्याऐवजी पुन्हा केव्हलारचा (मजबूत कृत्रिम धाग्याचा) पट्टा आणावा लागला, म्हणजे चूक रचनेतही होती. आणि निवडीबद्दल म्हणाल, तर २०२५ साली मोनॅकोला प्रत्येकाने टायरचे किमान तीन संच वापरावेत अशी सक्ती झाली. सक्तीच्या निवडीला आपण निवड म्हणता का?

भरतीओहोटी (मालवण)

दोघेही कोरड्या रस्त्यावरच भांडता आहात, हे कोकणात बसून जरा विचित्र वाटते. पिरेलीच्या आकड्यांनुसार निळ्या पट्टीचा पावसाळी टायर ताशी ३०० किलोमीटर वेगाने सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला सारतो, हिरव्या पट्टीचा मधला टायर ३० लिटर. तरीही निळा टायर क्वचितच उपयोगी पडतो. कारण त्याची गरज पडावी इतके पाणी साचले, की ते रुंद टायर आणि गाडीच्या तळाखालची हवा मिळून इतके तुषार उडवतात की मागच्याला काही दिसत नाही, आणि शर्यत थांबवली जाते. पावसात मुंबई-गोवा महामार्गावर टँकरच्या मागे अडकलेल्याला हे वेगळे सांगायला नको. २०२१ साली बेल्जियममधल्या स्पामध्ये सेफ्टी कारच्या (धोक्याच्या वेळी सगळ्यांना हळू चालवायला लावणाऱ्या पुढच्या गाडीच्या) मागे जेमतेम काही फेऱ्या झाल्या आणि अर्धे गुण वाटून सगळे घरी गेले. टिकाऊपणावर खर्च होणारी बुद्धी आधी इथे लागावी असे मला वाटते.

रिमोल्ड (चिपळूण)

पावसाबद्दल भरतीओहोटी यांच्याशी सहमत, मात्र तो दोष टायरपेक्षा गाडीच्या आराखड्याचा अधिक आहे. तिलारीकाठ यांना एवढेच सांगतो, की टायर टिकवणेही फुकट नसते. २०२४ साली त्याच स्पामध्ये रसेल एकदाच टायर बदलून पहिला आला आणि गाडी किमान वजनापेक्षा दीड किलो कमी भरल्याने बाद झाला. दीर्घ वापराने घटलेले रबर हे त्यामागच्या कारणांपैकी एक मानले गेले.

तिलारीकाठ (दोडामार्ग)

म्हणजे टायर अजून ३० फेऱ्यांहून अधिक वेगात पळू शकतो, हे आपणच कबूल करता आहात. आणि कार्तिकेयनचे ते पाच गुण, त्याच्या कारकिर्दीतले एकमेव, एवढे हलके मोजू नका. त्या दिवशी ब्रिजस्टोनच्या टायरवर निघालेल्या सहाच्या सहा गाड्या शेवटपर्यंत पोहोचल्या होत्या.