मदत हवी आहे: हॉलमध्ये 'स्कॉटलंड फॉरएव्हर' लावायचंय, प्रिंट कशी काढू?

मंडळी, ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये सोफ्यामागची भिंत रिकामी आहे, तिथे लेडी बटलर या ब्रिटिश चित्रकर्तीचं 'स्कॉटलंड फॉरएव्हर' हे चित्र लावायचं लय दिवस डोक्यात आहे. तेच ते, १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईतल्या स्कॉट्स ग्रेज या घोडदळ पलटणीचे करडे घोडे उधळत थेट आपल्या अंगावर येतात ते. बाईंनी लढाई कधी पाहिली नव्हती, घोडदळाच्या सरावात समोर उभं राहून घोडे येताना कसे दिसतात ते बघितलं आणि १८८१ मध्ये हे काढलं, कमाल आहे राव.

तर अडचण अशी की मूळ चित्र (इंग्लंडमधल्या लीड्सच्या आर्ट गॅलरीत आहे) साधारण १०२ बाय १९४ सेंमी, म्हणजे उंचीच्या जवळपास दुप्पट रुंद, आणि फ्रेमवाला म्हणतो २४ बाय ३६ इंचाची तयार फ्रेम घ्या, स्वस्तात पडेल. पण मग कडेचे घोडे कापले जाणार आणि ती लांबच्या लांब रांग हीच तर मजा आहे ना त्यात?

शिवाय कॅनव्हास घेऊ का कागद आणि काच? समोर बाल्कनीचं दार आहे, काचेत चित्राऐवजी बाल्कनीच दिसेल. पावसाळ्यात भिंतीला थोडी ओलही येते.

आईचं म्हणणं घरात लढाईचं चित्र नको, घोडेच हवेत तर वास्तूवाले सात पांढरे घोडे लाव. म्हटलं यात सातापेक्षा जास्त आहेत, तर म्हणे "ते सगळे मरायला चाललेत". भाऊ म्हणतो गोऱ्यांची पलटण कशाला, चित्रकार धुरंधरांचे बाजीप्रभू लाव. तेही लावीन, पण आधी हे.

प्रतिसाद १:
अजिबात कापू नका. उंची २४ इंच ठेवली तर रुंदी ४६ च्या आसपास येते, फ्रेम मापाने बनवून घ्या. १५० डीपीआय (इंचाला १५० ठिपके) धरला तरी सातेक हजार पिक्सेल रुंद फाइल लागेल, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली चालणार नाही. बाई १९३३ मध्ये गेल्या, त्यामुळे कॉपीराइटचं टेन्शन नाही. मॅट कॅनव्हास घ्या आणि फ्रेममागे चारी कोपऱ्यांना रबराचे तुकडे चिकटवा, भिंतीपासून थोडं सुटं राहिलं की हवा खेळते. पण सोफ्यामागे का? बसलेल्याला दिसणारच नाही, समोर लावा की.

धागाकर्ता:
समोर टीव्ही आहे हो. पॅसेजमध्ये जागा होईल पण तो जेमतेम साडेतीन फूट रुंद, इतक्या जवळून एवढं आडवं चित्र नीट बघता येईल का? कोणी लावलंय का असं?