‘दुष्काळाचा धोका’ की ‘दुष्काळाची जोखीम’?

शब्दवेडी, गोरेगाव: एका अहवालाचं मराठी करतेय. बदलत्या हवामानात एखाद्या प्रदेशाला दुष्काळाची झळ आज किती आणि २०५० च्या सुमारास किती, असा विषय. गाडी पहिल्याच पानावर अडली. मुळात ‘हॅझर्ड’ आणि ‘रिस्क’ वेगळे आहेत, आपण दोन्हींना ‘धोका’ म्हणून मोकळे होतो.

पार्लेकर: हॅझर्ड म्हणजे धोका, रिस्क म्हणजे जोखीम. माझी आजी लग्नाला निघाली की दागिन्यांच्या डब्यालाच जोखीम म्हणायची. “जोखीम जवळ आहे, गाडीत झोपू नकोस!” चोर हा धोका, पण डबा रिकामा असेल तर जोखीम कसली? आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामानबदलावरची समिती, तिची मांडणीही अशीच आहे: धोका, त्याच्या वाटेत काय आहे आणि ते किती तग धरेल, हे तिन्ही मिळून जोखीम. पाऊस सारखाच कमी पडला तरी विहीरवाल्याची जोखीम वेगळी, कोरडवाहूची वेगळी.

शब्दवेडी: डबा पटला! आता ‘ड्रॉट’ला दुष्काळ लिहू की अवर्षण?

मूळचा लातूरचा, सध्या भांडुप: अवर्षण आभाळात असतं, दुष्काळ घरात येतो. म्हणून तर अतिवृष्टीनं सोयाबीन कुजलं की आम्ही ‘ओला दुष्काळ’ म्हणतो. तिथे अवर्षण लिहून बघा! दुर्भिक्ष त्याहून पुढचं, भिक्षाही मिळेना असं. हवामान खात्यानं २०१६ मध्ये ‘दुष्काळ’ शब्द वापरणंच सोडलं, ते ‘तुटीचं वर्ष’ म्हणतात. त्याच वर्षी लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. तूट म्हणे. आणि सरकारी ‘दुष्काळसदृश’बद्दल मी न बोललेलंच बरं.

तुमच्या अहवालात एसपीआय आणि एसपीईआय हे कोरडेपणा मोजायचे निर्देशांक असतील तर सांभाळा. पहिला फक्त पाऊस बघतो, त्याला अवर्षण चालेल. दुसरा पावसातून संभाव्य बाष्पीभवन वजा करतो. पुढच्या काळासाठी हा फरक मोठा आहे. पाऊस सरासरी गाठेल, पण तापलेली हवा जमिनीतली ओल ओढून नेईल.

शब्दवेडी: आणि ‘फ्लॅश ड्रॉट’? ‘आकस्मिक दुष्काळ’ लिहिलं होतं, पण अपघात झाल्यासारखं वाटतं.

मूळचा लातूरचा: दोन-चार आठवड्यांत ओल उडते तोच ना? पावसानं ओढ दिली, वर ऊन तापलं, पिकाला ताण बसला, असं आम्ही म्हणतो. ऑगस्ट २०२३ आठवा, देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. ‘झपाट्याचा ताण’ म्हणा.

पार्लेकर: ‘झपाट्याचा’ जरा तालमीतला वाटतो. ‘शीघ्र ताण’? नको, तो औषधाच्या बाटलीवरचा. राहू दे, झपाट्याचाच बरा. बाकी आम्हा मुंबईकरांच्या कोशात दुष्काळ नाहीच, फक्त ‘पाणीकपात’. जून २०२४ मध्ये १० टक्के होती. अंधेरी सबवे तुंबला तरी भातसा-तानसा भरल्याशिवाय कपात जात नाही.

शहापूरची सून, मुलुंड: धरणं आमच्या तालुक्यात, पाणी तुमच्या नळाला आणि उन्हाळ्यात टँकर माझ्या सासरच्या पाड्यावर. तुम्ही म्हणता कपात, आम्ही म्हणतो टंचाई. तानसा तोच.

शब्दवेडी: शब्दसूचीत दोन वेगळ्या नोंदी करते. एकच केली असती तर चुकलंच असतं.