रोजच्या जेवणाला खरंच कामाला आलेलं पाककृतींचं पुस्तक: तुमचे अनुभव लिहा

निळी_छत्री
काल माळ्यावरची खोकी उतरवली. एकाच्या तळाशी बाबांचं पाककृतींचं पुस्तक निघालं. मुखपृष्ठ कधीच गेलेलं, पाठीला चिकटपट्टी, आणि मसुराच्या सुपाच्या पानावर टोमॅटोचा हा एवढा डाग. समासात बाबांचं पेन्सिलीतलं बारीक अक्षर: "मीठ छापल्याच्या निम्मं. चव येते." त्याखाली, बहुधा पुढच्या वेळचं: "गाजर जाड चिरलं, कच्चं राहिलं." आणि अगदी कोपऱ्यात: "लिंबू शेवटी, गॅस बंद केल्यावर." मी तिथेच स्टुलावर बसून राहिले.

बाबांचं बीपी वाढलं तेव्हा ते नुकतेच निवृत्त झाले होते, आईची नोकरी चालू होती. डॉक्टर म्हणाले मीठ कमी करा. शिजवायचं काय, हे कोणी सांगितलं नाही. तोवर बाबांनी चहाखेरीज काही केलेलं नव्हतं. कुठूनसं हे पुस्तक घेऊन आले आणि प्रयोगशाळेत प्रयोग करावा तसं एकेक पान शिजवत गेले. सगळं मोजूनमापून. आम्ही कौतुक करायचो, पण त्यात त्यांनी किती जीव ओतला होता ते मला काल कळलं.

मग खुणा मोजल्या. १९ पानांवर आहेत. माझ्याकडे स्वतःची ११ पुस्तकं आहेत आणि त्यातल्या पाच पाककृतीसुद्धा रोजच्या जेवणात आलेल्या नाहीत. फोटो बघून घेतलेलं पुस्तक वेगळं आणि शिजवायला घेतलेलं वेगळं, असं आता पक्कं वाटतंय.

तुमचं रोजचं खाणं सुधारायला कुठल्या पुस्तकाचा, वहीचा, एखाद्याच पाककृतीचा खरा उपयोग झाला? ते चांगलं आहे हे कशावरून ओळखलंत? फसगत झाली असेल तर तीही लिहा.

दोनवाटी
वाचून डोळे भरून आले गं. लिंबाचं तर शंभर टक्के. आंबटपणा असला की मीठ कमी पडलेलं जाणवत नाही. आता निघतेय, रात्री सविस्तर लिहिते.

संथ_लाट
मी विकत घ्यायच्या आधी लायब्ररीतून आणते, नेहमी. ड्यूई पद्धतीने (प्रत्येक विषयाला ठरलेला आकडा) लावलेली लायब्ररी असेल तर ६४१.५ ला स्वयंपाक, आणि ६४१.५६३ च्या आसपास तब्येतीसाठीचं जेवण. सरळ त्या कपाटाशी जायचं.

पुस्तक हातात आलं की मधूनच कुठेही उघडायचं. लागोपाठ तीन पाककृती वाचायच्या. त्यातल्या दोन तरी घरात आत्ता असलेल्या सामानात होत असतील तर ते घरी येतं. दोनदा मुदत वाढवून घ्यावीशी वाटली तरच विकत.

आणि एक गंमत सांगते. लायब्ररीची प्रत मिटून कडेने बघा. जिथे पानांची कड मळलेली असते, ती पानं लोकांनी खरोखर ओट्यावर उघडी ठेवलेली असतात. माझ्या घरात दर आठवड्याला होणारी पालक-अंड्याची पाककृती मला अशीच सापडली.

पाऊसवेडी
@संथ_लाट कडेने बघायची युक्ती भारीच!! उद्याच जाते

लोखंडी_कढई
मापांचं पान. आधी ते शोधा. नसेल तर पुस्तक परत ठेवा, माझा तरी हाच नियम आहे.

घडलं असं की एका पाककृतीत "मीठ १ चमचा" एवढंच होतं. मी मोठा चमचा घेतला. लिहिणाऱ्याच्या मनात लहान होता. भांडंभर भाजी कोणालाच खाता आली नाही, आणि घरात नेमके वडील नुकतेच हॉस्पिटलातून आलेले. फार वाईट वाटलं त्या दिवशी.

तेव्हापासून पाठ झालंय: टीस्पून ५ मिली, टेबलस्पून १५ मिली, पण ऑस्ट्रेलियन पुस्तक असेल तर टेबलस्पून २० मिलीचा. कपाचंही तसंच. अमेरिकन कप सुमारे २३७ मिली, मेट्रिक २५०, जपानी २००. भाजीपाल्याला याने फरक पडत नाही. मीठ, तेल, साखर यांना पडतो, आणि आपण नेमकं तेच कमी करायला बसलेलो असतो.

गणिताची_वही
लोखंडी_कढई यांच्याशी सहमत. मी एक पायरी पुढे जातो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते. सपाट टीस्पूनभर मीठ साधारण ६ ग्रॅम भरतं. चार माणसांच्या पाककृतीत दोन टीस्पून लिहिलं असेल तर एकेकाच्या वाट्याला ३ ग्रॅम, तेही एका वेळच्या एका पदार्थातून. "हृदयासाठी उत्तम" असं वर छापलेल्या पाककृतीतही हे गणित मला सापडलंय. भागाकार करायला अर्धं मिनिट लागतं.

तेलाचंही सांगतो, एका टेबलस्पूनमागे १२० कॅलरी धरा. बाटलीतून थेट ओतायला सांगणाऱ्या पाककृतीखाली कॅलरीचा तक्ता दिला असेल तर तो कशाच्या आधारावर?

कोवळं_ऊन
आणि तो तक्ता "एका वाढपाचा" असतो! आमच्याकडे सहा जणांचं म्हणून लिहिलेलं तिघांत संपतं. आम्ही कित्येक महिने निम्मेच आकडे धरून चाललो होतो

पाऊसवेडी
वजनकाटा कोणता घ्यावा? स्वयंपाकघरातला

लोखंडी_कढई
@पाऊसवेडी कुठलाही चालेल, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा आणि भांडं ठेवून शून्य करता येणारा बघा. पाणी पडलं तरी पुसता येईल असा सपाट.

मधाचं_बोट
माझी फसगत गोडात झाली. "साखरेशिवाय" असं नाव असलेलं पुस्तक भेट आलं. सगळ्या केकमध्ये मध. एकात तर कपभर. आम्ही निर्धास्त, मुलांना डब्यातही द्यायचो. नंतर कळलं की जागतिक आरोग्य संघटना कमी करायला सांगते त्या साखरेत मध, सिरप आणि फळांचा रससुद्धा धरते. २०१५ च्या त्यांच्या मार्गदर्शनात ती साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा असं आहे, २००० कॅलरीचं जेवण धरलं तर सुमारे ५० ग्रॅम. कपभर मध वजनाला ३४० ग्रॅमच्या आसपास, त्यात जवळजवळ २८० ग्रॅम साखर. केकचे आठ तुकडे केले तर एकेकात ३५ ग्रॅम.

केक वाईट म्हणून नाही, आम्ही अजून करतो, वाढदिवसाला. पण नाव बघून विश्वास ठेवला याचं वाईट वाटतं. आता मी पुस्तकाच्या नावाऐवजी साहित्याची यादी आधी वाचते. आणि हो, घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मध द्यायचाच नाही, केकमधलाही नको, हे कोणत्याही पुस्तकात पहिल्या पानावर हवं.

एकटा_डबा
मी एकटा राहतो, कामावरून यायला आठ वाजतात. "वीस मिनिटांत जेवण" वाल्या पुस्तकांनी माझा खूप छळ केलाय. एकदा घड्याळ लावूनच बसलो. वीसची ४५ झाली. मग कारण सापडलं: चिरणं साहित्याच्या यादीत लपवलेलं असतं. "तीन कांदे, बारीक चिरून. चार गाजरं, सोलून, किसून." ती सगळी मिनिटं यादीत गेली, वीस मिनिटं फक्त गॅसवरची.

आता पाककृती निवडताना यादीतल्या "चिरून, किसून, सोलून, भिजवून" खाली रेघा मारतो. चारपेक्षा जास्त रेघा आल्या तर ती रविवारची. कमी आल्या तर बुधवारची. या एका सवयीने माझं बाहेरचं खाणं आठवड्यात पाच वेळांवरून एकावर आलं.

कोवळं_ऊन
बुधवारची पाककृती 😀 हा शब्द मी घेणार

शांत_संध्याकाळ
जरा गंभीर लिहिते, पण कोणाच्या तरी उपयोगाला येईल. आईला रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, वॉरफरिन. मी हौसेने हिरव्या भाज्यांचं पुस्तक आणलं आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पालेभाज्यांचं काहीतरी करून दिलं. पुढच्या तपासणीत आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, खाली. डॉक्टरांनी समजावलं की पालेभाज्यांत के जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं. बंद करू नका म्हणाले, रोज साधारण सारख्याच प्रमाणात द्या, एकदम वाढवणं नाही की एकदम थांबवणं नाही. पुस्तकात याबद्दल अवाक्षर नव्हतं. मी रात्रभर झोपले नाही.

दुसरं, कमी सोडियमचं मीठ. त्यात सोडियम क्लोराइडच्या जागी काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याला ते धोक्याचं ठरू शकतं. बीपीच्या काही गोळ्यांबरोबरही विचारूनच. पाककृतींच्या पुस्तकाला आपल्या घरातल्या गोळ्या माहीत नसतात.

संथ_लाट
@शांत_संध्याकाळ आता कशा आहेत आई?

शांत_संध्याकाळ
बऱ्या आहेत गं. आकडा स्थिर आहे. पालक आठवड्यातून ठरलेल्या दिवशीच, कॅलेंडरवर लिहून ठेवलाय.

रात्रपाळी
राजमा स्लो कुकरमध्ये कच्चा टाकायला सांगणारी पाककृती दिसली तर करू नका. आम्ही चौघं एका रात्रीत आडवे झालो होतो. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन असतं, ते मंद आचेवर नष्ट होत नाही. किमान पाच तास भिजवायचा, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात खळखळून उकळायचा, कमीत कमी दहा मिनिटं, मी तर अर्धा तास उकळते. मग पुढचं हवं ते करा. ड्युटीला निघाले.

वाळलेलं_पान
@निळी_छत्री अवांतर. पुस्तक परत माळ्यावर ठेवू नका, दमट जागेत कागद खराब होतो. चिकटलेली पानं असतील तर ओढू नका. आणि समासातल्या नोंदींचे फोटो आजच काढून ठेवा. समोरून काढले तर पेन्सिल चमकते, अक्षर दिसत नाही. खिडकीशी, उजेड एका बाजूने तिरपा पडेल असं धरा. आजोबांच्या हिशोबाच्या वह्या अशाच वाचवल्यात.

निळी_छत्री
@वाळलेलं_पान फार आभार. दोन पानं चिकटलेली आहेत, हात लावत नाही.

चष्मा_शोधतोय
वय ७१. पत्नी गेल्यावर शिकलो. फोनवर बघून करायला जातो तर हात ओले, पडदा विझतो, परत उघडेपर्यंत कांदा जळतो. मुलीने उपाय केला. जाड पुठ्ठ्याच्या कार्डांवर ठळक अक्षरात एकेक पाककृती, एका बाजूला यादी, दुसऱ्या बाजूला कृती. कपाटाच्या दाराला आतून चिमट्याने लावतो. नऊ कार्डं आहेत. एका आठवड्याला तेवढी पुरतात. डाळीचं सूप, भाजलेल्या भाज्या, उकडलेल्या अंड्याचं सॅलड मला आता कार्डाशिवाय येतं. अर्धं ताट भाज्या-फळांचं ठेवायचं, हे तिने प्रत्येक कार्डावर वर लिहिलंय. बाबांच्या नोंदी वाचून बरं वाटलं.

निळी_छत्री
काका, तुमचं वाचून मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

पाऊसवेडी
माझा लेक तेरा वर्षांचा, भाजी म्हटलं की ताट सरकवायचा. एकदा पुस्तक त्याच्याच हातात दिलं आणि चिकट कागदांची गड्डी. म्हटलं तुला खावंसं वाटेल तिथे लाव, मी करेन. २२ लावले! त्यातले सात भाज्यांचे निघाले, मला खरंच वाटेना. त्याने निवडलेलं तो निमूट खातो. भाजलेली फुलकोबी दोनदा मागून घेतली. मोफत पाककृती हव्या असतील तर अमेरिकेच्या एनएचएलबीआय या हृदय, फुप्फुस आणि रक्ताच्या आजारांवरच्या सरकारी संस्थेच्या साइटवर बीपीसाठीच्या डॅश आहाराच्या आहेत, प्रत्येकीत सोडियम किती ते लिहिलेलं असतं. आम्ही त्यातल्याही छापून त्याच्यापुढे ठेवल्या

दोनवाटी
आले एकदाची. सगळे प्रतिसाद वाचले. लिहायचं होतं ते गणिताची_वही यांनी लिहिलंच. मी एवढंच सांगते की मीठ एकदम निम्मं केलं तेव्हा घरात कोणी जेवेना, थोडं थोडं कमी करत गेले तर काही आठवड्यांत जिभा वळल्या. आता बाहेरचंच खारट लागतं.

@निळी_छत्री सूप केलंस का?

निळी_छत्री
केलं, आत्ताच. छापलेलं मीठ दीड टीस्पून, मी पाऊण घातलं. मसूर धुताना पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबले, बाबा थांबायचे तसं. गाजर पातळ. गॅस बंद केला, झाकण ठेवलं, लिंबू पिळलं. आईने वाटी हातात घेतली, वास घेतला आणि म्हणाली, "त्यांचंच."

मग म्हणाली लसूण जरा जास्त झालाय.

एकटा_डबा
या पाककृतीत रेघा किती येतात?

निळी_छत्री
@एकटा_डबा थांबा मोजते. कांदा, गाजर, लसूण. टोमॅटो उकडून सोलायचा आहे पण बाबांनी तिथे "सालासकट चालतो" लिहिलंय. तीनच.

एकटा_डबा
मग बुधवारी करतो. प्रमाण टाका ना, चौघांचं आहे की दोघांचं?