मारुती ८०० चे पुढचे अ‍ॅक्सल घरीच बदलावेत का?

गाडी २००३ ची, वडिलांची. डावीकडे पूर्ण वळवून गती दिली की कट-कट-कट. काल खाली वाकून पाहिलं तर उजव्या चाकाजवळचा रबरी बूट फाटलेला, ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडालेलं. पावसाळ्याआधीच दिसला होता, मीच ‘बघू नंतर’ म्हणत राहिलो. नुसता बूट आणि ग्रीस बदलून भागेल? पान्यांचा सेट आहे, जॅक एकच.

— आवाज यायला लागला म्हणजे बुटाच्या आतल्या जॉइंटमध्ये (चाक वळवलं तरी त्याला फिरवत ठेवणारा सांधा) माती जाऊन गोळ्या झिजल्यात. आता बूट बदलणं म्हणजे पैसे वाया. अख्खा शाफ्टच, म्हणजे अ‍ॅक्सलच, घ्या. आणि दादा, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली जाऊ नका, गाडी टेकवायचे स्टँड आणा.

— हबचा नट (चाकाच्या मधोमध शाफ्ट धरून ठेवणारा) चाक जमिनीवर असतानाच सैल करा, कोणाला तरी ब्रेक दाबून बसवा. मी आधी गाडी उचलली आणि मग तासभर पान्याला पाइप लावून लोंबकळत होतो. शाफ्ट गिअरबॉक्समधून ओढण्याआधी गिअर ऑइल काढा, नाहीतर अंगणात थारोळं. ऑइल सील (तिथून ऑइल गळू न देणारी रबरी रिंग) त्याच वेळी नवीन टाका.

— झालं! बायको ब्रेकवर, मी पाइपवर. नट ‘टण्ण’ करून सुटला तेव्हा शेजारचे काका गॅलरीत आले. एका बाजूला साडेतीन तास लागले. डावी बाजू पुढच्या रविवारी.